हाड भरून येतं, मग दात का नाही?

महाबळेश्वरची ट्रिप म्हटली की कार्यक्रम ठरलेलाच. वेण्णा लेकवर बोटिंग, आर्थर सीटला वाऱ्यात उभं राहून फोटो, मग स्ट्रॉबेरी विथ क्रीम आणि येताना चणे-चिक्कीच्या पिशव्या. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण असा असतोच, जो क्रीमचा पहिला गार चमचा तोंडात घालतो आणि गाल धरून बसतो. कळ थेट मस्तकात! मग बाकीचे सल्ले देतात. लवंग धर, मिठाच्या पाण्याने चूळ भर. घरी आल्यावर डेंटिस्ट तोंडात डोकावतात आणि सांगतात, दाढ किडलीय, सिमेंट भरावं लागेल.

आता एक साधा प्रश्न स्वतःला विचारून बघा. बाइकवरून पडून हात मोडला तर डॉक्टर प्लॅस्टर घालतात. पण ते प्लॅस्टर हाड फक्त जागेवर धरून ठेवतं. जोडायचं काम हाड स्वतःच करतं. दाढ काढली तर तिथला खड्डा हिरडी झाकून टाकते आणि काही महिन्यांत आत हाडही भरून येतं. मग दाढेतला मोहरीएवढा खड्डा आपोआप का भरत नाही? दातही हाडासारखाच टणक आहे की!

अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधला एक सर्जन अशा प्रश्नांच्या हात धुऊन मागे लागला होता. त्याचं नाव जॉन हंटर. देवीच्या लशीचा एडवर्ड जेन्नर तुम्ही शाळेत वाचलाय ना, तो या हंटरचा विद्यार्थी. हाड आणि दात यांच्यातला फरक हंटरला कळला तो एका लाल मुळामुळे. त्या वनस्पतीच्या जातकुळीतली एक वेल महाबळेश्वरच्या झाडोऱ्यात आजही चढलेली दिसते. पण तिच्याकडे जायच्या आधी जॉनला भेटू.

शाळा सुटलेला पोरगा

जॉनचा जन्म फेब्रुवारी १७२८चा, स्कॉटलंडमधला. ग्लासगोजवळ लाँग कॅल्डरवुड नावाचं शेतातलं घर. दहा भावंडांतलं हे शेंडेफळ. पुस्तकांशी याचं पहिल्यापासून वाकडं. रानात भटकायचं, मुंग्या-मधमाश्या बघत बसायचं, पानं पिवळी का पडतात म्हणून लोकांना भंडावून सोडायचं, हा त्याचा खरा अभ्यास. तेरा वर्षांचा असताना वडील गेले आणि शाळाही सुटली. पुढची काही वर्षं त्याच्या हातून फारसं काही घडलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्कशीट नाही, डिग्री नाही, प्लॅन नाही.

त्याचा मोठा भाऊ विल्यम लंडनमध्ये शरीररचना शिकवायचा. १७४८मध्ये, विशीतला जॉन त्याच्याकडे गेला. विल्यमने त्याला विच्छेदनाच्या टेबलापाशी उभं केलं आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, या पोराच्या हातात काहीतरी वेगळंच आहे. पुढची अकरा-बारा वर्षं जॉन मृतदेहांवर काम करत राहिला. दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्यापेक्षा स्वतः उघडून बघायचं, ही सवय त्याला इथे लागली.

हे मृतदेह यायचे कुठून? कायद्याने फक्त फाशी गेलेल्या काही गुन्हेगारांचे मिळायचे, आणि ते पुरायचे नाहीत. बाकीचे रात्री स्मशानातून उकरून आणले जायचे. जवळपास सगळे गरिबांचे, कारण श्रीमंतांच्या कबरी खोल आणि पहाऱ्यातल्या. भावाच्या शाळेसाठी हा व्यवहार सांभाळायचं काम जॉनकडे होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जखमेला हात न लावता

१७६०मध्ये तो सैन्यात सर्जन झाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बेल-ईल बेटाच्या लढाईत पोचला. त्या काळी बंदुकीची गोळी लागली की सर्जन जखम आणखी चिरून मोठी करायचे, आत बोटं घालून गोळी शोधायचे. हात धुवायची पद्धत नव्हती, जंतू कोणाला माहीत नव्हते. निम्मं नुकसान उपचारानेच व्हायचं.

तिथे जॉनला काही जखमी फ्रेंच सैनिक भेटले. ते एका रिकाम्या घरात दिवसच्या दिवस लपून बसलेले, त्यांच्या जखमांना कोणीच हात लावलेला नव्हता. आणि तरी त्यांची तब्येत उपचार झालेल्या सैनिकांपेक्षा वाईट नव्हती! जॉनने यातून निष्कर्ष काढला, गरज नसेल तिथे चिरू नका, शरीर आपलं काम करतंय, त्याच्या आड येऊ नका. त्या काळात सर्जनने असं म्हणणं म्हणजे आपल्याच धंद्यावर पाणी ओतणं होतं.

१७६७मध्ये त्याच्या स्वतःच्याच टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली. दुसरा कोणी अंथरुणात पडून राहिला असता. याने कुत्र्यांवर प्रयोग करून, तुटलेली शीर टप्प्याटप्प्याने कशी जुळते ते पाहिलं. (आजच्या नियमांत हे प्रयोग बसले नसते, हे खरंच.) भरून येण्याची प्रक्रिया त्याला अशी पायरी-पायरीने दिसायला लागली. आधी रक्त साकळतं, मग त्या गुठळीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग तिथे नवी ऊती तयार होते. साकळलेलं रक्त म्हणजे टाकाऊ घाण नाही, दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते, असं त्याचं मत बनलं.

दाढ काढल्यावर डेंटिस्ट का बजावतात माहितीये? आज जोरात चूळ भरू नको, स्ट्रॉने पिऊ नको, सिगारेट तर नकोच. कारण तीच गुठळी. ती खड्ड्यात टिकली तर तिच्या आधाराने आधी हिरडी आणि मग हाड भरतं. ती निघून गेली तर उघडं हाड ठणकत राहतं.

दातांचा नाद

लढाई संपवून १७६३मध्ये जॉन लंडनला परतला तेव्हा खिसा रिकामा आणि हॉस्पिटलात जागा नाही. मग त्याने जेम्स स्पेन्स या दातवाल्यासोबत काम सुरू केलं. त्या काळी हे सर्जनला कमीपणा आणणारं मानलं जायचं. दात काढायचं काम न्हाव्यांचं, लोहारांचं, जत्रेतल्या भटक्यांचं. जॉनने मात्र त्यातच अभ्यासाचं सोनं शोधलं.

१७७१मध्ये त्याचं माणसाच्या दातांवरचं पुस्तक आलं आणि १७७८मध्ये दातांच्या रोगांवरचा दुसरा भाग. पुढचे चार इन्सायझर, मग टोकदार सुळे, त्यामागे दोन टोकांचे बायकस्पिड, मग मोलर, ही वर्गवारी त्याने या पुस्तकात मांडली. थोड्याफार फरकाने तीच आज आपल्या कराड-सांगलीच्या डेंटल कॉलेजांतली मुलं पहिल्या वर्षाला पाठ करतात.

आणि आता ते लाल मूळ. युरोपात कापड लाल रंगवायला मॅडर नावाच्या वनस्पतीचं मूळ वापरत. आपल्याकडची मंजिष्ठा त्याच जातकुळीतली. महाबळेश्वरच्या जंगलवाटांवर तुम्ही ती पाहिली असेल, फक्त ओळखली नसेल. चौकोनी, खरखरीत देठ कपड्याला चिकटतं, आणि प्रत्येक पेरावर साधारण चार पानं गोल फिरून आलेली असतात. मूळ लालसर. आयुर्वेदात ती औषध, रंगाऱ्यांकडे ती रंग.

हे मूळ जनावराने खाल्लं की त्याची हाडं लाल होतात, हे १७३६च्या सुमारास लंडनच्या जॉन बेल्चियर या सर्जनने नोंदवलं होतं. त्यात एक गंमत होती. रंग सगळ्या हाडाला लागत नाही, त्या दिवसांत जे नवं हाड तयार होत असतं त्यालाच लागतो. म्हणजे आपण कॅलेंडरवर खूण करतो ना, तशी ही शरीराच्या आतली खूण झाली.

हंटरने वाढत्या जनावरांना काही काळ हे मूळ खाऊ घातलं, मग बंद केलं. ज्यांची हाडं लगेच पाहिली ती लाल होती. ज्यांना पुढे बराच काळ साधं खाणं दिलं, त्यांची हाडं पुन्हा पांढरी. म्हणजे हाड हे भिंतीसारखं एकदा बांधून ठेवलेलं नसतं. शरीर जुनं हाड काढत राहतं आणि नवं घालत राहतं. आयुष्यभर.

दातात मात्र वेगळंच दिसलं. दाताचा आतला, हाडासारखा भाग तयार होत असताना लाल झाला, पण एकदा झालेला लाल थर नंतर पुसला गेलाच नाही. तसाच आत बंद राहिला. आणि वरचं चकचकीत इनॅमल? त्याला रंग लागलाच नाही.

तुमच्या दाढेच्या खड्ड्याचं उत्तर हेच आहे. हाड रोज मोडतं आणि रोज बांधलं जातं, म्हणून ते भरून येतं. दात एकदा बांधला जातो, मग त्याची डागडुजी जवळपास बंद. आज आपल्याला त्याचं कारणही माहीत आहे. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता-येता नाहीशा होतात. कारागीरच गेला तर दुरुस्ती करणार कोण? आतली नस मात्र जिवंत असते. दात झिजत गेला की ती आतून थोडी नवी भर घालते आणि माघार घेते. हेही हंटरच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण कीड तिच्यापेक्षा वेगाने धावते.

म्हणून बाहेरून भरावं लागतं. हंटरच्या काळात भरायला दोन धातू होते, सोन्याचा पातळ वर्ख किंवा शिसं. शिसं मऊ, हवं तसं दाबून बसवता येतं. सोनं टिकाऊ, पण महाग. शिसं विषारी आहे याची फारशी फिकीर कोणी करत नव्हतं. कीड जंतूंमुळे लागते हे तर १८९०मध्ये विलोबी मिलर या दंतशास्त्रज्ञाने मांडलं, म्हणजे हंटर जाऊन जवळपास शतक उलटल्यावर.

कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात

हे शीर्षक चुकून आलेलं नाही. हंटरने नुकताच काढलेला माणसाचा एक निरोगी दात घेतला, कोंबड्याच्या तुऱ्यात चीर पाडली आणि दात आत बसवून दोऱ्याने बांधला. काही महिन्यांनी पाहिलं तर दात तुऱ्याला पक्का धरलेला होता आणि त्याच्यापर्यंत रक्तवाहिन्या पोचलेल्या. शरीर परक्या वस्तूला सामावून घेऊ शकतं की बाहेर फेकतं, या प्रश्नाला हात घालणारा हा विचित्र पण महत्त्वाचा प्रयोग. तो तुरा अजूनही लंडनच्या हंटेरियन म्युझियममध्ये जपून ठेवलेला आहे.

त्याने एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली. असे प्रयोग त्याने पुष्कळ केले आणि त्यातला फक्त एक यशस्वी झाला. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फसलेली रीडिंग गाळून टाकणाऱ्यांनी इथे जरा थांबावं!

पण लोकांनी ऐकलं ते फक्त यश. एका माणसाचा जिवंत दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत लावायची लंडनमध्ये फॅशनच आली, आणि हंटरने तिला आपल्या नावाचं वजन दिलं. श्रीमंत बाई खुर्चीत बसायची आणि शेजारी चार पैशांसाठी आपले चांगले दात विकायला आलेली गरीब पोरं-पोरी. एकाचा दात बसला नाही तर दुसरा असावा म्हणून एकाहून जास्त जण तयार ठेवायचे. १७८७मध्ये टॉमस रोलंडसन या व्यंगचित्रकाराने हा प्रकार चितारला तेव्हा लंडनकर हसले. पण त्यातली काही पोरं आयुष्यभरासाठी बोळकी झाली, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. शिवाय हे दात फार तर काही वर्षं टिकायचे, आणि त्यांच्यासोबत रोगही जायचे. तशा तक्रारी वाढल्या आणि ही फॅशन ओसरली.

चार्ल्स बर्नची गोष्ट तर आणखी अस्वस्थ करणारी. हा आयर्लंडचा प्रचंड उंच तरुण लंडनमध्ये स्वतःचं प्रदर्शन मांडून पोट भरायचा. आपण मेल्यावर सर्जन आपल्याला सोडणार नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून आपल्याला समुद्रात बुडवा असं त्याने मित्रांना सांगून ठेवलं होतं. १७८३मध्ये तो गेला, वय अवघं बावीस. हंटरने पैसे चारून मृतदेह मिळवला. सांगाडा दोनशे वर्षांहून जास्त काळ काचेआड उभा होता. २०२३मध्ये म्युझियम नव्याने उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढण्यात आला. बर्नचं वय वाचलंत ना? आपल्याच वयाचा होता.

पुण्याचा कुंभार आणि लंडनची खुर्ची

हंटर लंडनमध्ये हे सगळं करत होता, साधारण तेव्हाच पुण्याजवळ काय चाललं होतं बघा. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कुंभाराने, काही जण त्याला वीटवाला म्हणतात, कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. कातडीचा एक देठ कपाळाला जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे रक्त चालू राहतं आणि ऊती जगते. हंटरला कोंबड्याच्या तुऱ्यात जे बघायचं होतं, तेच ज्ञान हा माणूस पिढीजात हातात घेऊन बसला होता. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या मासिकात हे छापून आलं आणि १८१४मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिथे तशी शस्त्रक्रिया केली. आज प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे प्रकरण असतंच. नाक गेलेल्याचं नाव त्यात आहे. नाक लावणाऱ्याचं नाही.

हंटरला हा वृत्तांत वाचायला मिळाला नाही. वर्षभर आधीच तो गेला होता.

शेवट

त्याला कित्येक वर्षं छातीत कळा यायच्या. जेन्नरला संशय होता की हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यात, पण गुरूला धक्का बसेल म्हणून तो बोलला नाही. हंटरचा स्वभाव तापट. १६ ऑक्टोबर १७९३ला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला, तो रागाने उठून बाहेर गेला आणि कोसळला. पासष्ट वर्षांचा होता. शवविच्छेदनात जेन्नरचा संशय खरा निघाला.

मागे राहिले सुमारे चौदा हजार नमुने. सरकारने ते १७९९मध्ये १५ हजार पौंडांना विकत घेतले. त्याच्या हस्तलिखितांचा मोठा भाग मेहुणा एव्हरार्ड होम याने नंतर जाळून टाकला, आणि १९४१च्या बाँबहल्ल्यात बरेच नमुने गेले. शिष्याची लस मात्र १८०२मध्ये मुंबईला पोचली आणि तिथून देशभर गेली.

आणि हंटरचा प्रश्न? तो अजून चालूच आहे. १९५२मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्कने सशाच्या पायात टायटॅनियमचं उपकरण बसवलं आणि नंतर ते निघेना, हाडाने ते आपलंसं केलं होतं. त्यातून दातांचे इम्प्लांट आले. १९९०च्या दशकात अमेरिकेत महमूद तोराबिनेजाद यांनी दाताच्या मुळाला भरण्यासाठी एमटीए हे सिमेंट आणलं. गंमत म्हणजे ते आपल्या घरबांधणीच्या पोर्टलँड सिमेंटच्याच कुळातलं आहे. ओलाव्यात घट्ट होतं, कॅल्शियम सोडतं, आणि मुळाच्या टोकाशी बसवलं की त्याच्या अंगावर दाताच्या मुळावर असतो तसला थर धरतो, भोवती हाड भरतं. जे शरीराला टोचत नाही आणि जंतूंना वाट देत नाही, ते भरा. बाकीचं काम हाड आणि हिरडी करतात. बेल-ईलच्या त्या रिकाम्या घरात हंटरला जे दिसलं, ते इथेही लागू आहे.

तर दोन गोष्टी सोबत घेऊन जा. पहिली, हिरडी भरेल, हाड भरेल, पण दाढेतला खड्डा वाट बघून भरणार नाही. परीक्षा संपल्यावर बघू, असं म्हणू नका. आज मोहरीएवढा आहे तोवर जा.

दुसरी. आज मेडिकल-डेंटलची मुलं शरीर शिकतात तेव्हा टेबलावर अनेकदा असा माणूस असतो, ज्याने जिवंतपणी स्वतःच्या सहीने देहदानाचा फॉर्म भरलेला असतो. चार्ल्स बर्नला ही संधी कोणी दिली नाही, त्याचं तर नाही हेच उत्तर होतं. हंटरकडून बघायची नजर जरूर घ्या. पण ज्याच्याकडे बघताय त्याला आधी विचारायचं, हे मात्र आपल्याला त्याच्याशिवायच शिकावं लागलं.